वाहकानं कधी सोडावं

(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते सर रसायनशास्त्र शिकवायचे, आणि फळ्यावर सूत्र लिहिण्याआधी तो पदार्थ पहिल्यांदा कुठं सापडला हे सांगायचे. त्यांचीच रीत पाळून मी आज पुवापासून सुरुवात करतो.

१८६९ साली जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या किल्ल्यात, जुन्या मुदपाकखान्यात थाटलेल्या प्रयोगशाळेत, फ्रीडरिश मीशर नावाचा पंचविशीच्या आतबाहेरचा स्विस तरुण काम करत होता. शस्त्रक्रियेच्या रुग्णालयातून जखमांवरच्या वापरलेल्या पट्ट्या आणवायच्या, त्यांवरचा पू धुऊन काढायचा, पुवातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या आणि त्यांतली केंद्रकं मिळवायची, हा त्याचा उद्योग. त्या केंद्रकांत त्याला फॉस्फरसनं भरलेला एक आम्लधर्मी पदार्थ मिळाला. त्यालाच आज आपण डीएनए म्हणतो. पुढं बाझलला परतल्यावर त्यानं पू सोडला आणि ऱ्हाईन नदीतल्या सामन माशांच्या शुक्रपेशी हाती घेतल्या. तिथं १८७४ मध्ये त्याला त्या आम्लधर्मी पदार्थाला बिलगून बसलेला दुसरा पदार्थ सापडला. हा अगदी उलट स्वभावाचा, आम्लारिधर्मी. त्याचं नाव प्रोटामीन. ऋणभाराचा पदार्थ आणि त्याला आवळून धरणारा धनभाराचा पदार्थ, दोन्ही एकाच माणसाच्या हाती लागले. मला विज्ञानाच्या इतिहासातला हा योग फार आवडतो, कारण आजचा सगळा विषय या जोडीच्या पोटात आहे.

डीएनएच्या प्रत्येक दुव्यात एक फॉस्फेट असतो आणि प्रत्येक फॉस्फेटवर एक ऋणभार. आपल्या एका पेशीतला डीएनए सरळ ताणला तर सुमारे २ मीटर भरतो, आणि तो मावतो कुठं, तर साधारण ६ मायक्रोमीटर व्यासाच्या केंद्रकात. एकमेकांना ढकलणारे एवढे ऋणभार इतक्या जागेत बसवायचे तर धनभाराची मदत हवीच. साध्या पेशींत हे काम हिस्टोन नावाची प्रथिनं करतात. शुक्रपेशींत जागा आणखी कमी, म्हणून तिथं अर्जिनीन या धनभारित अमिनो आम्लानं खच्चून भरलेलं प्रोटामीन येतं. धनभारित साखळीनं डीएनए गुंडाळायची युक्ती ही अशी माशांपासून माणसापर्यंत चालत आलेली आहे. आपण ती उसनी घेतली.

प्रोटामीन रोजच्या वापरातही आहे. हृदयावर बायपास शस्त्रक्रिया होताना रक्त गोठू नये म्हणून हेपरिन देतात. हेपरिन ही ऋणभारित साखळी. शस्त्रक्रिया संपली की तिचा परिणाम उतरवायला प्रोटामीन देतात, आणि धन-ऋण एकमेकांना धरून निकामी होतात. पण भूलतज्ज्ञ प्रोटामीन सावकाश देतात. घाईनं दिलं तर रक्तदाब कोसळू शकतो. पदार्थ तोच, रुग्ण तोच, फरक फक्त वेगाचा. हे लक्षात असू द्या, पुढं लागेल.

आता मूळ अडचण. एखाद्याच्या पेशींत एक जनुक नाही किंवा बिघडलेलं आहे; चांगलं जनुक आपण प्रयोगशाळेत बनवू शकतो; मग ते टोचून का भागत नाही? रक्तातली विकरं उघड्या डीएनएचे बघता बघता तुकडे करतात. त्यातून वाचला तरी पेशीचं आवरण बाहेरून ऋणभारित, आणि डीएनएही ऋणभारित. दोघं एकमेकांना दूर ठेवतात. शिवाय तो आकारानं प्रचंड, पाण्यात रमणारा. स्निग्ध आवरणातून तो सहजी जायचा नाही. नाही म्हणायला अहमदाबादच्या झायडसची झायकोव्ह-डी ही लस २०२१ मध्ये आणीबाणीच्या वापरासाठी मान्य झाली, ती वाहकाशिवायचा डीएनए सुईविना दाबानं त्वचेत घालते. लशीला थोडं जनुक थोड्या पेशींत पोचलं तरी पुरतं. उपचाराला तेवढ्यानं भागत नाही.

म्हणून पहिल्यापासून भरवसा ठेवला गेला तो विषाणूंवर. पेशीत घुसणं हाच त्यांचा धंदा. १९९० च्या सप्टेंबरात अमेरिकेत चार वर्षांच्या एका मुलीवर पहिला मान्यताप्राप्त जनुकोपचार झाला. जनुक नेणारा होता निकामी केलेला रेट्रोव्हायरस. १९९९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या चाचणीत जेसी गेल्सिंगर हा १८ वर्षांचा मुलगा ॲडिनोव्हायरसला त्याच्या शरीरानं दिलेल्या तीव्र प्रतिक्रियेनं गेला. पुढं पॅरिसमध्ये जन्मजात प्रतिकारशक्ती नसलेली काही मुलं जनुकोपचारानं बरी झाली खरी, पण विषाणूनं जनुक नको त्या जागी खोवल्यामुळं त्यांतल्या काहींना रक्ताचा कर्करोग झाला. विषाणू सुधारले आहेत, आज त्यांच्यावर आधारलेली औषधं बाजारात आहेत. पण ज्या एएव्ही या विषाणूचा सध्या बोलबाला आहे त्यात जेमतेम ४.७ हजार अक्षरांचा मजकूर मावतो, आणि ड्यूशेन स्नायुविकारात बिघडणाऱ्या डिस्ट्रोफिन जनुकाचा नुसता प्रथिनाचा मजकूरच ११ हजारांच्या घरात आहे. एकदा दिला की शरीर त्या विषाणूला ओळखून ठेवतं, दुसरी मात्रा देणं कठीण. आणि किंमत! हिमोफिलिया-बीवरचं हेमजेनिक्स २०२२ मध्ये अमेरिकेत आलं ते एका मात्रेला ३५ लाख डॉलर या भावानं.

रसायनशास्त्रज्ञ या जागी पुढं आला आणि म्हणाला, मी साखळी, म्हणजे पॉलिमर, बनवून देतो.

त्याच्या हातचे प्रयत्न तसे जुने. १९६५ मध्ये वाहेरी आणि पगानो यांनी डेक्स्ट्रान या शर्करासाखळीला धनभार देऊन पोलिओ विषाणूचा आरएनए पेशींत शिरवला होता. १९८७ मध्ये वू दांपत्यानं पॉलिलायसीन या धनभारित साखळीला यकृताच्या पेशी ओळखतील असं प्रथिन जोडून जनुक यकृताकडं धाडायचा मार्ग दाखवला. धनभारित साखळी आणि डीएनए पाण्यात एकत्र केले की काही मिनिटांत पन्नास ते दोनशे नॅनोमीटरचे कण आपोआप तयार होतात. आपण म्हणतो धन-ऋणाच्या आकर्षणानं. ते अर्धंच खरं. दोन्ही साखळ्यांभोवती सोडियम, क्लोराइडसारखे लहान आयन घुटमळत असतात. साखळ्या एकत्र आल्या की ते सुटे होऊन पाण्यात मोकळे फिरतात, आणि त्या मोकळीकीमुळं एंट्रॉपी वाढते. कण बांधणारा मोठा जोर तिथून येतो. साखळीतला नत्र आणि डीएनएतला फॉस्फेट यांचं गुणोत्तर किती ठेवायचं यावर कणाचा आकार आणि त्याच्या अंगावरचा भार ठरतो, आणि या एका आकड्यापायी विद्यार्थ्यांच्या कित्येक रात्री जातात.

खरी खळबळ उडाली १९९५ मध्ये. स्ट्रासबर्गच्या ज्याँ-पॉल बेर यांच्या गटानं पॉलिइथिलीनइमीन, म्हणजे पीईआय, वापरून जनुक पेशींत पोचवलं. हा काही औषधशाळेतला पदार्थ नव्हे. कागद गिरण्यांत कागदाला ओलाव्यात बळकटी यावी म्हणून, सांडपाणी शुद्ध करायला, चिकटद्रव्यांत, अशा कामांना तो वापरला जाई. त्याच्या साखळीत दर तिसरा अणू नत्राचा. धनभाराची एवढी दाटी दुसरीकडं सापडणं अवघड. पेशी त्याचा कण गिळते तेव्हा तो एका पिशवीत सापडतो, आणि ती पिशवी हळूहळू आम्ल होत जाते, शेवटी आतला सामू ५ च्याही खाली जातो. तिथं विकरं जनुकाचा फडशा पाडतात. पीईआयचे सगळे नत्र अणू सुरुवातीला भारित नसतात. बेर यांचा तर्क असा की आम्लता वाढू लागली की रिकामे नत्र प्रोटॉन टिपत सुटतात. पेशी आणखी प्रोटॉन आत ढकलते, त्यांच्यामागं क्लोराइड येतो, क्लोराइडमागं पाणी येतं, पिशवी फुगते, फुटते आणि जनुक बाहेर पडतं. या तर्काला प्रोटॉन स्पंज असं नाव पडलं आणि तो हजारो प्रबंधांच्या पहिल्या पानावर जाऊन बसला.

तो पूर्ण खरा आहे का? २०१३ मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी त्या पिशव्यांचा सामू प्रत्यक्ष मोजला, तर पीईआय असतानाही त्यात म्हणण्यासारखा बदल दिसेना. काहींच्या मते धनभारित साखळी पिशवीच्या पडद्यालाच भोक पाडते. वाद मिटलेला नाही. माझं मत विचाराल तर पडद्याला इजा होणं हा भाग मोठा आहे, आणि स्पंजाची गोष्ट सांगायला सोपी असल्यामुळं ती गरजेपेक्षा जास्त टिकली. आपल्याकडच्या प्रबंधांतही ती बिनदिक्कत उतरवली जाते. मार्गदर्शकांनी तिथं लाल शाई वापरायला हरकत नाही.

आणि पडद्याला इजा करणारी साखळी फक्त नेमक्या पिशवीचाच पडदा फाडते असं थोडंच आहे? इथून विषारीपणाची कथा सुरू होते. पीईआय पेशीच्या बाहेरच्या आवरणावरही बसतं आणि तेही सच्छिद्र करतं. पुढं मायटोकॉन्ड्रियाला धक्का बसून पेशी स्वतःला संपवू लागते. रक्तात ते तांबड्या पेशींच्या गुठळ्या करतं, अल्ब्युमिनसारखी ऋणभारित प्रथिनं अंगावर चिकटवून घेतं, आणि असे फुगलेले कण फुप्फुसाच्या बारीक केशवाहिन्यांत अडकतात. यात एक चमत्कारिक नियम आहे. २५ हजार डाल्टनची फांद्याफांद्यांची पीईआय जनुक उत्तम पोचवते आणि पेशी उत्तम मारते. दोन हजार डाल्टनच्या आतली पीईआय पेशींना फारसा त्रास देत नाही, आणि जनुकही फारसं पोचवत नाही. गुण आणि दोष वेगळे करता येत नाहीत, कारण दोन्हींचं मूळ एकच: धनभाराची दाटी आणि साखळीची लांबी.

बराच काळ संशोधक अधिक घट्ट धरणारी साखळी शोधत होते. माझ्या मते तिथं दिशा चुकली. लग्नात नवरदेवाला मांडवाच्या दारापर्यंत आणणं हे घोड्याचं काम. घोडा मांडवात शिरला तर पंगतीचा विचका होतो. वाहकानं रस्ताभर धरावं, पण पेशीच्या आत गेल्यावर सोडावं, आणि सोडल्यावर शिल्लकही राहू नये. जैवसुसंगत वाहकाची सगळी रसायनविद्या या वेळ साधण्यात आहे.

ती साधायच्या तीन वाटा मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली डायसल्फाइड बंधाची. पेशीबाहेर हा बंध तोडणारं ग्लुटाथायोन अगदी थोडं, मायक्रोमोलमध्ये मोजावं एवढं. पेशीच्या आत मात्र १ ते १० मिलिमोल. निरुपद्रवी पण नालायक अशा छोट्या पीईआयचे तुकडे डायसल्फाइडनं जोडून लांब साखळी केली, तर ती रक्तात टिकते आणि आत गेल्यावर ग्लुटाथायोन तिचे पुन्हा छोटे तुकडे करतं. दुसरी वाट एस्टर बंधाची, जो पाण्यातच आपोआप तुटतो. एमआयटीत लिन आणि लँगर यांनी २००० मध्ये पॉलि-बीटा-अमिनो एस्टर पुढं आणले. २००३ मध्ये त्याच परंपरेतल्या अँडरसन यांच्या गटानं असे २,३५० पॉलिमर एका झपाट्यात बनवून तपासले. अंदाजानं एकेक रेणू रचण्याची मिजास तिथं उतरली. बनवा, लावून बघा, चालला तर ठेवा, हा व्यवहार आला. हेच पॉलिमर पुढं उंदरांच्या फुप्फुसांत वाफाऱ्यानं संदेशवाहक आरएनए पोचवायला वापरले गेले. तिसरी वाट मला सगळ्यांत देखणी वाटते. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या वेंडर आणि वेमथ यांच्या गटांनी अशी साखळी बनवली की ती ठरावीक काळानं स्वतःची अंतर्गत रचना बदलते आणि तिचा धनभारच नाहीसा होतो. हातात उरतात लहान, उदासीन रेणू. धरणारा हातच विरघळून गेल्यावर आरएनए मोकळा होणारच.

आपण जनुक सुटलं असं म्हणतो तेव्हा आणखी एक दार शिल्लक असतं. १९८० मध्ये मारिओ कापेक्की यांनी बारीक काचेच्या सुईनं डीएनए पेशीच्या द्रवात टोचला, तर शेकडो पेशींत एकही जनुक बोलेना. तोच डीएनए थेट केंद्रकात टोचला तर पन्नास ते शंभर टक्के पेशींत जनुक काम करू लागलं. पेशीत पोचणं आणि केंद्रकात पोचणं यांत एवढं अंतर आहे. विभागणाऱ्या पेशीत केंद्रकाचं आवरण काही काळ उघडतं. मेंदूच्या, स्नायूच्या पेशी तशा विभागत नाहीत. संदेशवाहक आरएनएला केंद्रकात जावंच लागत नाही, आणि गेल्या काही वर्षांत सगळ्यांचं लक्ष तिकडं वळलं त्याचं हे एक मोठं कारण.

आता आपल्या किनाऱ्यावर येतो. कोळंबी सोलली की उरणाऱ्या टरफलांत कायटिन असतं. ते तीव्र अल्कलीत शिजवलं की कायटोसान मिळतं. निसर्गात मिळणाऱ्या कच्च्या मालापासून बनणाऱ्या धनभारित पॉलिमरांत हा सर्वांत परिचित. तो शरीरात हळूहळू विघटित होतो, पीईआयपेक्षा कितीतरी सौम्य आहे. १९९९ मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये कृष्णेंदू रॉय आणि सहकाऱ्यांनी कायटोसानमध्ये शेंगदाण्यातल्या ॲलर्जीकारक प्रथिनाचं जनुक बांधून उंदरांना तोंडावाटे दिलं, आणि शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी सौम्य झाली. २००८ मध्ये तामिळनाडूतल्या संशोधकांनी जिताड्याला, होय, आपल्या रायगडकरांचा जीव की प्राण असलेल्या त्याच माशाला, कायटोसानमधली डीएनए लस खाद्यातून दिली आणि व्हिब्रिओ जिवाणूपासून त्याला माफक संरक्षण मिळालं. मत्स्यशेतीत प्रत्येक मासा पकडून टोचणं परवडत नाही. तोंडावाटे चालणारी लस तिथं सोन्याची.

कायटोसानचं दुखणं असं की त्याचे नत्र प्रोटॉन धरतात ते साडेसहाच्या आसपास किंवा त्याखालच्या सामूला. रक्ताचा सामू ७.४. तिथं त्याचा बहुतेक धनभार निघून जातो, पकड सैलावते आणि तो विरघळतही नाही. पण हे दुखणं सगळीकडं दुखत नाही. मॉन्ट्रियलची एन्जीन ही कंपनी रासायनिक जोडण्या करून सुधारलेल्या कायटोसानमधून मूत्राशयाच्या कर्करोगावर जनुक देऊ पाहते आहे. औषध नळीनं थेट मूत्राशयात सोडायचं, काही वेळ ठेवायचं, काढून टाकायचं. रक्ताशी संबंध जवळपास नाही, तांबड्या पेशी नाहीत, फुप्फुसाच्या केशवाहिन्या नाहीत. रुग्णांवरच्या चाचण्या चालू आहेत. पीईआयही पूर्वी याच अवयवात वापरून पाहिलं गेलं. ती चाचणी पुरेसा लाभ दिसेना म्हणून थांबली.

मघाशी प्रोटामीनचं लक्षात ठेवा म्हणालो ते यासाठी. अमुक पॉलिमर जैवसुसंगत आहे, हे वाक्य अपुरं आहे. कुठल्या अवयवात, किती मात्रेत, किती वेगानं आणि किती वेळासाठी, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. काचेच्या बशीतल्या पेशी ऐंशी टक्के जगल्या म्हणून पदार्थाला जैवसुसंगत म्हणण्याची पद्धत आपल्या शोधनिबंधांत रूढ झाली आहे. ती बंद व्हायला हवी.

रक्तातून जाण्याच्या शर्यतीत पॉलिमर मागं पडले, हे मान्य केलं पाहिजे. कॅलटेकच्या मार्क डेव्हिस यांच्या गटानं सायक्लोडेक्स्ट्रिन असलेल्या पॉलिमरमधून लहान आरएनए कर्करुग्णांना शिरेवाटे दिला आणि तो माणसाच्या गाठीत पोचून जनुक गप्प करतो याचा पहिला पुरावा २०१० मध्ये दिला. ते औषध बाजारापर्यंत पोचलं नाही. बाजी मारली लिपिडच्या कणांनी: २०१८ मध्ये पॅटिसिरान हे औषध, २०२० मध्ये कोविडच्या लशी. त्यांचं यश कशात? त्यांतले लिपिड रक्तात जवळजवळ उदासीन असतात आणि पिशवीच्या आम्लात गेल्यावरच धनभार घेतात. म्हणजे पुन्हा वेळच. आणि त्यांनाही सगळं जमलेलं नाही. अशा कणांतून नेलेल्या लहान आरएनएपैकी अवघे १ ते २ टक्के पिशवीतून निसटतात, असं २०१३ मध्ये मोजलं गेलं.

मात्र पीईआयच्या नशिबी गंमत आली. विषाणूंना पर्याय म्हणून तो आला होता. आज विषाणू बनवणाऱ्या कारखान्यांतच तो कामाला आहे. एएव्ही किंवा लेंटिव्हायरस बनवताना मानवी मूत्रपिंडापासून आलेल्या एचईके-२९३ पेशींत दोन-चार प्लास्मिड, म्हणजे डीएनएची वर्तुळं, एकदम घालावे लागतात. ते घालायला सरळ साखळीची पीईआय सर्रास वापरतात. तिथं पेशी नंतर फोडून वा टाकून द्यायच्या असतात, त्यामुळं विषारीपणाची फिकीर कमी. कोट्यवधींच्या औषधामागं एक काळी कागद गिरणीत वापरलेलं रसायन उभं आहे.

आपण यात कुठं आहोत? पुण्याच्या जेनोव्हाची जेमकोव्हॅक ही आरएनए लस २०२२ च्या जूनमध्ये मान्य झाली. तिच्यात आरएनए धनभारित तेलकणांवर बसवलेला आहे आणि ती २ ते ८ अंशांत, साध्या फ्रिजमध्ये, राहते. मुंबईत आयआयटी आणि टाटा स्मारक यांच्या सहकार्यातून आलेल्या नेक्सकार-१९ या पेशी-उपचाराला २०२३ च्या ऑक्टोबरात मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्या पेशींत लेंटिव्हायरसनं जनुक घालतात, आणि किंमत परदेशी उपचारांच्या साधारण एक-दशांश आहे. दोन्ही ठिकाणी जनुक बनवणं जमलेलं आहे. अडचण उरते ती ते शरीरात नेमक्या जागी पोचवण्याची. विदर्भात, नंदुरबारच्या पाड्यांवर सिकलसेलची घरंच्या घरं आहेत, आणि त्या रोगावरचा कॅसजेव्ही हा जनुकसंपादनाचा उपचार अमेरिकेत २२ लाख डॉलरला मिळतो. त्यात रुग्णाच्या अस्थिमज्जेतल्या पेशी बाहेर काढायच्या, विजेच्या झटक्यानं त्यांत संपादक घालायचा, केमोथेरपीनं मज्जा रिकामी करायची आणि पेशी परत द्यायच्या. हे जिल्हा रुग्णालयात व्हायचं नाही. एका टोचणीत मज्जेपर्यंत पोचणारा वाहक मिळाला तरच ते तिथं शक्य होईल, आणि तो वाहक आज जगात कुणाकडंही तयार नाही.

तो रासायनिक प्रश्न आहे. साखळी किती लांब, बंध कुठला, भार कधी जावा, हे सगळं एमएस्सीच्या सेंद्रिय रसायनशास्त्राच्या अभ्यासक्रमातलं आहे. या सभागृहात रसायनशास्त्राचे जे विद्यार्थी बसले आहेत त्यांना माझी विनंती आहे की हा जीवशास्त्राचा प्रांत म्हणून सोडून देऊ नका. आपापल्या गावच्या वैद्यकीय महाविद्यालयात जा, तिथल्या रक्तविकारतज्ज्ञांना भेटा, आणि पॉलिमर बनवायला घेण्याआधी त्यांना विचारा: जनुक नेमकं कुठल्या पेशीत हवं आहे, आणि किती दिवसांसाठी?